ताटलीतला वड

झाडाचे बोन्साय करणे ही कला की पाप, हा प्रश्न आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या प्रश्नाइतकाच जुना आहे. शेजारच्या काकू म्हणतात, "वडासारखा वड, तो ताटलीत कोंबायचा? तळतळाट लागेल हो!" याच काकू वटपौर्णिमेला मंडईतून वडाची तोडलेली फांदी आणून पुजतात. ती दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते. ताटलीतला वड निदान जिवंत तरी असतो.

तरीही काकूंचे म्हणणे अगदीच उडवून लावता येत नाही. फांद्यांना तार गुंडाळायची, दोन-तीन वर्षांनी मुळे छाटायची, पाने खुडायची म्हणजे नवी येतात ती लहान. आणि हे सारे वडाला न विचारता! फळ मात्र ऐकत नाही. चिंचेचे झाड हातभर करा, आकडा लागलाच तर नेहमीच्याच मापाचा लागतो.

पण तारेचे दुसरे टोकही बघा. झाडावरची तार काही महिन्यांत निघते, मालकाची निघत नाही. ऐन उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकले की आटोपलेच. म्हणजे गावी लग्नाला जायची सोय नाही. हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या थोरल्या वडाचा मूळ बुंधा कुजला म्हणून १९२५ साली काढून टाकला. तो वड पारंब्यांवर आजही उभा आहे. ताटलीतल्या वडाला मात्र रोज कोणीतरी लागते, आणि तो मालकाच्या मागेही जगू शकतो.

तेव्हा माझे मत, कारकुनाचे म्हणा हवे तर: कुणाला लहान ठेवायची हौस असेल, तर त्याचे जन्मभर करायची तयारी हवी. आणि नॉमिनीचे नाव आधीच भरलेले हवे.