निवडून येण्याजोगा कोण?

सिहोऱ्यात निवडणुकीचे वारे वाहू लागले की आम्ही एकमेकांस विचारतो, ‘कोण येणार?’ ‘कोण यावा?’ हा प्रश्न मागेच राहतो. परंतु भाकीत फसते. १९७४ मध्ये सेठ गोविंददास निवर्तले. त्यांच्या जागी झालेल्या जबलपूरच्या पोटनिवडणुकीत तुरुंगातील तरुण शरद यादव काँग्रेसला हरवून विजयी झाले. कधी भाकीतच घटना घडविते. १९६८ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत अध्यक्ष जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के, मॅकार्थींना ४२ टक्के मते पडली. वृत्तपत्रांनी मात्र मॅकार्थींचाच जय गाजविला. ३१ मार्चला जॉन्सन यांनी माघार घेतली. मग जिंकणाऱ्याचा अंदाज बांधून मत देणे म्हणजे आपला विवेक दुसऱ्याच्या हवाली करणेच होय. योग्य उमेदवार पडला, तरी आमचा कौल खोटा ठरत नाही.