तितिक्षा

सोसणं म्हणजे हतबल होणं, असं आपण सहज धरून चालतो. पण सोसणं या अर्थाचा ‘तितिक्षा’ हा शब्द ‘तिज्’ या धातूपासून आला. तिज् म्हणजे धार लावणं. ‘तेज’सुद्धा त्याच धातूचं! सोसण्याच्या पोटात धार असते, हे मला फार मोलाचं वाटतं.

ही धार दिसते आपल्याच वर्धा जिल्ह्यातल्या, पवनारच्या विनोबांमध्ये. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत १०० एकर जमीन मिळाली आणि त्यांची भूदान चळवळ सुरू झाली. पुढे जवळपास १३ वर्षं ते पायी फिरले, भूमिहीनांसाठी जमीन मागत. हिसकावणं नाही, फक्त मागणं.

आर्वीच्या कोरडवाहू रानात सरकी टोबून आभाळाकडे पाहणाऱ्याला तितिक्षा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पेरणी मोडली तरी तो पुन्हा सरकी घेऊन धुऱ्यावर उभा असतो.