नवी वाळू

सांगलीला कृष्णा आहे, समुद्र नाही. तरी आमच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची, माशांची काचपेटी आहे. तळाची वाळू मळकट दिसू लागली, म्हणून सगळी उपसून नवी, पांढरीशुभ्र घालायला निघालो. जाणकार मित्र ओरडला, "अरे, माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्या जुन्या वाळूतच राहतात! थोडी थोडी बदल."

मला एकदम आई आठवली. साताऱ्याहून तिला इथं आणलं, तेव्हा तिची विटकी गोधडी मी टाकून दिली होती. नव्याकोऱ्या गादीवर बिचारी महिनाभर जागीच! भलं नक्की कुणाचं करत होतो? तिचं, की माझ्या डोळ्यांचं? मासे तक्रार करत नाहीत. आईनंही केली नव्हती.

आता वाळू वाटीवाटीनं घालतो, माशांना विचारल्यासारखी.