उतारा आणि पथ्य

आमच्या देवघरात समईशेजारी खोबरेल तेलाची एक जुनी बाटली असते. ऋतू बदलल्याचं मला पंचांगाच्या आधी तिच्यावरून कळतं. पौषात तेल गोठतं, बाटली उन्हात नेऊन ठेवावी लागते. माघातली गुरुप्रतिपदा होते, आपण उत्सवाहून घरी येतो, आठ-पंधरा दिवस जातात, आणि एका सकाळी पाहावं तर तेल आपोआप पातळ झालेलं.

शरीरात कफाचं असंच होतं, असं आयुर्वेद सांगतो. हेमंत-शिशिरात बाहेर थंडी असते म्हणून जाठराग्नी आत कोंडून प्रबळ होतो. त्याला जड, स्निग्ध, गोड अन्न लागतं. डिंकाचे लाडू, तीळगूळ, बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा, ही ऋतूची मागणीच असते. पण त्या काळात कफही साठत जातो. चैत्र-वैशाखाचं ऊन लागलं की तो वितळतो आणि त्याच अग्नीवर पाणी ओततो. भूक मंदावते, अंग जड होतं, घसा धरतो. चरकांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात आणि वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या तिसऱ्या अध्यायात यावर उपाय सांगितले आहेत. जुने जव-गहू खावेत, सुंठीचं पाणी प्यावं, मध घ्यावा, व्यायाम करावा, अंगाला उटणं लावावं. आणि ज्याला झेपेल त्याने वमन घ्यावं.

वमन म्हणजे मीठपाणी पिऊन केलेली ओकारी असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात आधी पाचन, मग तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेत औषधी तूप, मग अंगाला तेल आणि शेक. आदल्या दिवशी मुद्दाम दूध, दही, उडीद असं कफ वाढवणारं खायला देतात, म्हणजे तो उचंबळून वर यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटभर दूध किंवा ज्येष्ठमधाचा काढा, आणि गेळफळाचं औषध. मग वेग मोजतात. चार आले तर शुद्धी बेताची, सहा आले तर मध्यम, आठ आले तर उत्तम. शेवटी पित्त पडलं की थांबायचं. काम मात्र तिथे संपत नाही. त्याकडे पुढे येतो.

गेल्या फाल्गुनात आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळातल्या दोघा-तिघांनी वमन घ्यायचं ठरवलं. मीही वैद्यांकडे जाऊन बसलो. त्यांनी नाडी पाहिली, वय विचारलं आणि सरळ नाही म्हणाले.

"काका, बहात्तर वर्षं झाली, त्यात साखर आणि रक्तदाब. वमन कुणाला देऊ नये याची यादी चरकांनी दिलीय. तिच्यात वृद्ध आहेत."

मी हिरमुसलो. खरं सांगतो, मला वमन हवं होतं ते काही नुसत्या कफासाठी नव्हतं.

त्याआधी महिनाभरापूर्वीची गोष्ट. गुरुप्रतिपदेच्या आधी मी दरवर्षी श्रीगुरुचरित्राचा सप्ताह करतो. तुमच्यापैकी बहुतेकांना ते नियम ठाऊकच आहेत. सात दिवस हविष्यान्न, जमिनीवर धाबळी टाकून झोपणं, बोलणं मोजकं, राग नाही. सातही दिवस माझ्या तोंडून वावगा शब्द गेला नाही. समाप्तीला मेहूण जेवलं, मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या, वर वाटीभर दूध, आणि तास-दीड तास झोपलो. डोकं जड होऊन उठलो तर मोरीतला नळ वाहत होता. सूनबाई कुणाशी तरी फोनवर बोलत होती. मी ओरडलो. पाण्यावरून सुरुवात झाली, मग तिच्या माहेरापर्यंत गेलो. का गेलो, मला आजही सांगता येणार नाही. ती काही बोलली नाही. नळ बंद केला, खाली मान घालून ओटा पुसू लागली. डोळे भरले होते, पण तिने ते गाळले नाहीत.

एवढ्यात सात वर्षांचा नातू बाहेरून आला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आजोबा, पारायण संपलं का?"

अवधूतांनी चोवीस गुरू केले, त्यांत एक बालक आहे. मी आजवर त्या यादीतलं ते नाव नुसतं वाचत होतो.

त्या दिवसापासून मला आतून काहीतरी बाहेर काढून टाकायचं होतं. वमनाचं ऐकलं तेव्हा वाटलं, हेच ते. वैद्यांना मी हे सगळं सांगितलं नाही, थोडंसंच सांगितलं. त्यांनी आहार विचारून घेतला. रात्री दही बंद केलं, सुंठीचं पाणी सांगितलं, मध माझ्या साखरेपायी नको म्हणाले. म्हातारपणी दुपारची झोप चालते असं शास्त्रातच आहे, असं मी मोठ्या आशेने म्हणून पाहिलं. "चालते, पण जाड आणि कफाच्या माणसाला नाही," ते म्हणाले. निघताना चरकसंहितेची मराठी भाषांतराची प्रत त्यांनी दिली आणि सांगितलं, "सूत्रस्थानाचा सातवा अध्याय वाचा. फुरसतीने."

वाचला. त्यात तेरा वेग सांगितले आहेत, जे कधीही अडवू नयेत: मल, मूत्र, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप वगैरे. त्यांत अश्रूही आहेत. आलेलं रडू दाबलं तर त्याने रोग होतात, असं शास्त्र म्हणतं. आणि लगेच पुढे दुसरी यादी आहे, धरून ठेवण्याच्या वेगांची. लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, मत्सर हे मनाचे. आणि वाणीचे वेगळे. कठोर बोलणं, फार बोलणं, चहाडी, खोटं, आणि अवेळी बोलणं. हे उसळले की माणसाने आवरावेत.

पुस्तक मांडीवर ठेवून मी किती वेळ बसलो कोण जाणे. त्या संध्याकाळी आमच्या मोरीपाशी काय झालं होतं? धरायचा तो वेग मी सोडला होता, आणि सोडायचा तो वेग तिने धरला होता. रोग व्हायचा असेल तर कुणाला होणार, हेही उघड होतं.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही, आणि तोच इथे तुमच्यापुढे ठेवावा म्हणून लिहायला बसलो. उतारा आहे म्हणून आपण जास्त विष पितो का? सप्ताह येणारच आहे, एकादशी आहे, संगमावरचं स्नान आहे, चैत्रात शोधन आहे. या भरवशावर मधले दिवस आपण मोकळे सोडतो का?

पाडव्याचंच बघा. सकाळी कडुनिंबाचा पाला, मिरी, हिंग, ओवा, गूळ यांची चिमूटभर गोळी तोंड वाकडं करून गिळायची. दुपारी श्रीखंड-पुरी. श्रीखंड म्हणजे जड, थंड, आंबट, गोड, स्निग्ध. वसंतात जे जे टाळावं म्हणून वाग्भट सांगतात ते सगळं एका वाटीत. आणि वर दुपारची झोप, तीही त्यांनी वर्ज्य केलेली. श्रीखंडाशी माझं वैर नाही, सणाला वाटीभर खावं. पण सकाळच्या चार पानांच्या जोरावर तीन वाट्या खाव्यात, हा हिशोब आपल्याला कुणी शिकवला?

इथे एक भेद करावा लागतो, आणि तो मला फार उशिरा कळला. थंडीत साठलेला कफ हा कुणाचा गुन्हा नसतो. अग्नी प्रखर होता, अन्न जड लागत होतं, ते खाल्लं, कफ साठला. ऋतूने घातलं, ऋतू बदलताना काढलं. यात शरमेचं काही नाही. मनातही असं बरंच काही नुसत्या काळाने साठतं. समवयस्क एकेक करून जातात, पाय दुखतात, पेन्शन आणि औषधं यांची तोंडमिळवणी करताना चिडचिड होते. एवढ्यासाठी स्वतःला पापी म्हणवून घ्यायचं कारण नाही. सात दिवस पोथीपुढे बसलं की ते पातळ होतं, वाहून जातं. गुरुकृपा तिथे काम करते याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पण दुसरंही एक साठणं आहे. त्याला चरक प्रज्ञापराध म्हणतात. बुद्धीला कळतं, पण धीर सुटतो, आठवण सुटते, आणि माणूस नको ते करतो. डॉक्टरांनी पुरणपोळी एकच खा म्हटलेलं मला ठाऊक होतं. माहेरावरून बोलू नये हेही ठाऊक होतं. हा कफ थंडीने साठलेला नव्हता, मी वाटीवाटीने घातला होता. याला वार्षिक उतारा लागू पडत असेल असं मला वाटत नाही. निदान, लागू पडेल असं गृहीत धरून वागायचा मला अधिकार नाही.

मग काय करायचं? वमनाचं जे पुढचं काम मघाशी राखून ठेवलं होतं, ते इथे उपयोगी पडलं. शुद्धी झाल्यावर रोग्याला लगेच जेवायला देत नाहीत. आधी पातळ पेज, मग घट्ट, मग मुगाचं कढण, असं तीन, पाच किंवा सात दिवस चढत जायचं. उत्तम शुद्धी झालेल्याला सर्वांत जास्त दिवस. नुकताच पेटवलेला विस्तव जसा आधी गवतकाडी, मग गोवरी घालून वाढवतात, तसा अग्नी वाढवायचा. माझा सप्ताह उत्तम झाला होता, आणि आठव्या दिवशी मी त्या ठिणगीवर ओंडका टाकला होता. चार पुरणपोळ्यांचा.

आणखी एक गोष्ट त्याच सातव्या अध्यायात मिळाली. वाईट सवय एकदम सोडू नये, पाव-पाव हिश्शाने सोडावी. वाग्भटही ऋतुसंधीचे चौदा दिवस सांगतात, आधीच्या ऋतूचे शेवटचे सात आणि पुढच्याचे पहिले सात. त्यांत जुनं हळूहळू सोडायचं, नवं हळूहळू धरायचं. चहातल्या साखरेला हे सहज लागू पडलं. रागाला कसं लावायचं? पाऊण ओरडायचं काय? सौ. म्हणाली, "आधी माहेर सोडा. मग आवाज बघू." तिने गमतीत म्हटलं, पण मला तोच पहिला पाव वाटला.

पाडव्याला सूनबाईने कडुनिंबाची गोळी माझ्या हातावर ठेवली, तेव्हा मी म्हटलं, "त्या दिवशी तुझ्या माहेरचं काढलं, ते चुकलं माझं." ती गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, ते मला फार लागलं होतं." आणि मग रडली. मी तिला थांबवलं नाही.

यंदाही सप्ताह केला. समाप्तीच्या दिवशी मेहणाला पुरणपोळी झाली, मला मऊ भात, मुगाचं वरण आणि एक पोळी. दुपारी आडवा न होता देवळात जाऊन बसलो. पोथी बांधून ठेवली, पण रोज एक अध्याय चालू ठेवलाय. चहातली साखर तीन हिस्से गेली, शेवटचा पाव फार चिवट आहे. रागाचं विचाराल तर माझा अंदाज अर्धा गेला असा होता. सूनबाईच्या हिशोबाने पहिला पाव गेलाय, आणि तोही अजून कच्चा आहे.