विश्वासाची पारख

आपला विश्वास खरा आहे काय, हा प्रश्न ख्रिस्ती मनुष्याला आयुष्यात केव्हातरी पडतोच. आपणहून न पडला तर उपदेशपीठावरून तो पाडला जातो. प्रश्नाचे स्वरूप मात्र क्वचितच तपासले जाते. मराठी ख्रिस्ती समाजाने येथे 'श्रद्धा' या शब्दापेक्षा 'विश्वास' हा शब्द जवळ केला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. श्रद्धा असते किंवा नसते. विश्वास ठेवावा लागतो, आणि तोही कोणावर तरी. त्याचा घात होऊ शकतो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'पिस्तिस' याच्या अर्थकक्षेतही भरवसा आणि इमान या दोन्ही छटा येतात. असे असूनही आत्मपरीक्षणाला बसलेला मनुष्य बहुधा हे विसरतो आणि आपल्या अंतःकरणात ऊब किती आहे, हेच चाचपडत राहतो.

या आत्मपरीक्षणाला आधार म्हणून पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय नेहमी पुढे केला जातो. तुम्ही विश्वासात आहात की नाही याची परीक्षा करा, असा त्या वचनाचा आशय. पण त्याचा संदर्भ विलक्षण आहे. करिंथची मंडळी पौलाच्याच प्रेषितपणाचा पुरावा मागत होती; त्यावर पौलाने त्यांची मागणी त्यांच्यावरच उलटवली. दुसऱ्याला तपासायला निघालेल्यांना उद्देशून, आणि तेही अनेकवचनात, ते शब्द आले आहेत. एकट्याने रात्री अंथरुणात स्वतःला कुरतडत राहावे, असा त्यांचा रोख नव्हता. त्याच मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल स्वतःचाही न्याय करण्याचे नाकारतो, हे सहसा सांगितले जात नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1740च्या सुमारास धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. लोक सभांमध्ये रडत, मूर्च्छित होत. पुढे त्यांतील कित्येक पूर्वीसारखेच वागू लागले. हे सारे जवळून पाहिलेल्या जोनाथन एडवर्ड्‌स यांनी 1746 मध्ये धर्मभावनांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. भावनेची तीव्रता, शरीरावर होणारा परिणाम, धर्माविषयी ओघवते बोलणे, शास्त्रवचने आपोआप आठवणे, इतकेच नव्हे तर स्वतःच्या तारणाविषयीची खात्री, यांतून काहीच सिद्ध होत नाही, असे त्यांनी आधी दाखवले. मग खऱ्या विश्वासाची बारा लक्षणे मांडून सर्वांत अधिक भर शेवटच्या लक्षणावर, म्हणजे आचरणावर दिला. विवेचन भेदक आहे. तरी त्यात एक अडचण उरते. लक्षणांची यादी हाती आली की मनुष्य ख्रिस्ताकडे न पाहता यादीकडे पाहू लागतो. शिवाय आचरणही निर्णायक नाही. प्रभूच्या नावाने मोठी कृत्ये करणाऱ्यांनाही मी तुम्हांला ओळखत नाही असे ऐकावे लागेल, हा इशारा मत्तयाच्या शुभवर्तमानातच आहे.

या प्रश्नाचे सर्वांत सखोल मराठी उदाहरण पंडिता रमाबाईंचे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी आपल्या कन्येसह बाप्तिस्मा घेतला. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या, ब्राह्म विचारांचा परिचय असलेल्या या विदुषीने तो निर्णय डोळसपणे घेतला होता. तरी पुढची काही वर्षे त्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार, यांपैकी जे बुद्धीला आणि सदसद्विवेकाला पटत नव्हते ते मान्य असल्याचे सांगण्यास त्यांनी नकार दिला. भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर तसेच दुसरे मानेवर घेणार नाही, ही त्यांची भूमिका होती. सिस्टर जेराल्डीनना यात अहंकार दिसला. हा पत्रव्यवहार 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रकाशित झाला. तो वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. वाद सिद्धांतांचा असला तरी त्याच्या तळाशी, रमाबाईंचा विश्वास खरा की खोटा हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आहे.

यानंतरचे वळण अधिक अवघड आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी स्वतः रमाबाईच या निष्कर्षावर आल्या की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. 1907 मधील आपल्या साक्षीत त्यांनी हे निःसंकोच नमूद केले आहे. या टप्प्यावर विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूच्या आत्मकथनाचा त्यांच्यावर प्रभाव पडला. हॅस्लमची गोष्ट चमत्कारिक आहे: कॉर्नवॉलमध्ये धर्मगुरूचे काम करत असताना, 1851 मध्ये, ऐन प्रवचन देताना त्यांचे परिवर्तन झाले. म्हणजे उपदेशकच श्रोता झाला.

मग 1883 चा रमाबाईंचा विश्वास खोटा होता काय? त्यांच्या साक्षीचा शब्दशः अर्थ घेणारे तसे म्हणतील. मला ते पटत नाही. न पटलेल्या गोष्टीला होकार देऊन जी सहज सुटू शकली असती, तिने आपल्या हितकर्त्यांची नाराजी पत्करली; हे इमान नव्हे तर काय? पुढचा प्रकाश लाभल्यावर मागचा उजेड अंधुक वाटतो, हे खरे. पण चालणारा त्याच उजेडात तेथवर आला. उलट उदाहरण मदर तेरेसांचे. 2007 मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या खाजगी पत्रांतून दिसले की कलकत्त्यातील सेवाकार्य सुरू झाल्यापासून दशकानुदशके त्यांना देवाच्या सान्निध्याचा अनुभवच जवळजवळ नव्हता. ऊब हीच कसोटी मानली तर त्यांना अविश्वासू म्हणावे लागेल. त्या मात्र दिलेला शब्द पाळत राहिल्या.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक, काहीशी कडवट, बाजू आहे. रमाबाईंची शंका थोर ठरते, ना. वा. टिळकांचा शोध आध्यात्मिक ठरतो. दुष्काळात मिशनच्या दारी आलेला महार-मांग मात्र 'पोटासाठी बाटला' म्हणून निकालात निघतो. बुद्धीची भूक शुद्ध आणि पोटाची अशुद्ध, हा भेद कोठून आला? शुभवर्तमानातून तर नव्हेच. योहानाच्या सहाव्या अध्यायात लोक भाकरीसाठी मागे लागले आहेत हे येशू स्पष्टपणे बोलून दाखवतो. पण भाकरी त्याने आधीच दिलेली असते, आणि देताना हेतू विचारलेला नसतो. मनुष्य कोणत्या दाराने आत आला यावरून तो आत काय करतो हे कळत नाही. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. प्रवेशद्वाराची चौकशी त्यांनाही निरुपयोगी वाटली असावी.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. भाकरीच्या वाटेने आलेल्या या मुलींमध्ये 1905 मध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. त्या रात्ररात्र प्रार्थना करीत, आपल्या पापांसाठी आक्रोश करीत. हे खरे की क्षणिक उन्माद, अशी शंका तेव्हाही घेतली गेली, आणि एडवर्ड्‌स यांचा वाचक ती आजही घेईल. कधीकाळी स्वतःच्या विश्वासाचा एकेक शब्द तपासून घेणाऱ्या रमाबाईंनी त्या अश्रूंची छाननी केली नाही. मुली शिकत होत्या, शेतात राबत होत्या, छापखाना चालवत होत्या. अशा साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक घेऊन बसल्या. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले. भाषांतर 1924 मध्ये छापून झाले.