पाण्याची पाळी

एका गावात दोघा शेतकऱ्यांची वावरं एकाच बांधाला लागून होती. एका उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यावरून दोघांची जुंपली. शब्दाने शब्द वाढला आणि एकाने हातातलं खोरं दुसऱ्याच्या डोक्यात घातलं. दुसरा जागीच गेला. मारणाऱ्याला जन्मठेप झाली.

तुरुंगात तो सुतारकाम शिकला. भांडणतंटा नाही, रजेवर सोडला तर दिलेल्या दिवशी परत हजर. पुढे त्याची वागणूक पाहून त्याला आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला पाठवलं. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकाराने वसवलेली ही कैद्यांची खुली वसाहत. 'दो आँखें बारह हाथ' तिच्यावरूनच सुचला. सिनेमा पुष्कळांना आठवतो. वसाहत पुढेही चालू राहिली, हे थोड्यांनाच ठाऊक असतं. तिथे कैदी शेती करतो आणि बायकामुलंही सोबत राहू शकतात. त्याची बायको धाकट्या मुलीला घेऊन आली.

एका रात्री पाण्याची पाळी त्याची होती. तो दारं धरायला गेला, तर सरीत पाणीच नाही. वर जाऊन पाहिलं, तर शेजारच्या कैद्याने पाट फोडून पाणी आपल्या भुईमुगाकडे वळवलेलं. याच्या हातात खोरं होतं. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने खोरं बांधाखाली टाकलं आणि वर बसून राहिला. शेजाऱ्याचे वाफे भरल्यावर तो उठला, हातांनीच चिखल ओढून पाट बुजवला आणि पाणी आपल्याकडे घेतलं. फेरीवरच्या शिपायाने हे पाहिलं. सकाळी त्याने वहीत एक ओळ लिहिली.

खुनातल्या अशा जन्मठेपीत चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सुटका होत नाही. १९७८ पासून कायद्याचं तसं बंधन आहे. चौदा वर्षं भरली म्हणजे सुटका झाली असंही नाही. सरकार तुरुंगाचं मत घेतं, पोलिसांचं घेतं, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचंही विचारतं, आणि मग ठरवतं. त्याची फाईल अशीच फिरत फिरत गावच्या पोलीस ठाण्यात आली.

ठाण्यात नवे फौजदार होते. हवालदाराने जुन्या कागदावरून अहवाल तयार ठेवला होता : 'बंदी सुटल्यास गावात शांतता भंग होण्याची शक्यता आहे. सरपंचांचा विरोध आहे.' खाली सरपंचांचं नाव. फौजदारांनी विचारलं, "या सरपंचांना भेटलात का?"

हवालदार म्हणाला, "ते वारले साहेब, तीन वर्षं झाली."

फौजदार गावात गेले. मेलेल्याची बायको ओट्यावर शेंगा फोडत होती. येण्याचं कारण ऐकून तिने सूप बाजूला सारलं.

"त्याला म्या माफ केल्यालं न्हाई," ती म्हणाली. "लिवून घ्या."

"लिहितो मावशी. तो सुटला तर तुम्हाला भीती वाटते का?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भ्या न्हाई. पर त्यो माज्या बांधावर दिसाया नगं. आन् साहेब, त्यो आता कसा हाय?"

फौजदारांना सांगता येईना. त्यांनी कैद्याला पाहिलंच नव्हतं. परत आल्यावर त्यांनी वसाहतीतून त्याच्या नोंदी मागवल्या. रजेच्या तारखा, सुतारकाम, आणि एका पानावर शिपायाची ती ओळ.

त्यांनी अहवाल नव्याने लिहिला. मृताच्या पत्नीने माफ केलेलं नाही, हे पहिल्या ओळीत. गावात तणाव नाही, हे दुसऱ्या. मग पाण्याची ती रात्र. शेवटी : सोडायचं झाल्यास त्याने त्या शिवारात पाऊल टाकू नये, ही अट घालावी.

फाईल पुढे गेली. काही महिन्यांनी सुटकेचा हुकूम आला, त्या अटीसकट. अट मोडली तर सूट रद्द होऊन पुन्हा तुरुंगात जावं लागेल, हेही त्याला समजावलं. तो फक्त म्हणाला, "बरोबर आहे," आणि सही केली. आपल्या वाट्याची जमीन त्याने भावाला कसायला दिली आणि तालुक्याच्या गावी सुतारकाम सुरू केलं.

खून झाला त्या दिवसाचा निवाडा न्यायालयाने केला होता आणि तो कोणी पुसला नाही. बाईचा राग तिचा तिच्याकडे राहिला. तो सोडण्याची जबाबदारी कोणी तिच्यावर टाकली नाही. विचारायचं होतं एवढंच, की पुढचा प्रत्येक दिवस या माणसाला कोंडून ठेवण्याला आता काय कारण उरलं आहे. त्याचं उत्तर जुन्या कागदात सापडण्यासारखं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याच ठाण्यात दुसऱ्या जन्मठेपवाल्याची फाईल आली. हा रजेवर सुटून दोन वर्षं फरार झाला होता आणि त्या काळात साक्षीदाराच्या घरी जाऊन धमकावून आला होता. फौजदार त्याच्याही गावात गेले, चार घरं फिरले. या वेळी त्यांनी सोडू नये असं लिहिलं, आणि का सोडू नये ते पानभर लिहिलं.