दोघांच्या घरातली आवड



गळ्यात माळ घालताना आपल्याला काय काय सांगितले होते, ते आठवा. मद्यमांस वर्ज्य. परस्त्री मातेसमान. एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा, वारी चुकवायची नाही. त्यात घराच्या भिंतीचा रंग नव्हता. पडदे नव्हते, सोफा नव्हता, साडीचे काठ नव्हते, रात्री जेवणानंतर टीव्हीवर काय लावायचे हेही नव्हते. म्हणून आपण धरून चालतो, की ही बाजू परमार्थाच्या बाहेरची. तिथे कसेही वागले तरी माळेला धक्का लागत नाही.

आणि भांडणे मात्र नेमकी तिथेच होतात. चोरीमारीवरून भांडणारी माळकऱ्यांची घरे शोधून सापडायची नाहीत. पण दिवाळीच्या आधी रंगारी दारात उभा आहे, रंगांचे कार्ड त्याच्या हातात आहे, आणि आत नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत, असे घर आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. तेव्हा विचारायला हवे, की माणसाची आवड ही खरोखर इतकी किरकोळ गोष्ट आहे का? आणि दोघांच्या घरात एकाला आपली आवड बाजूला ठेवायची वेळ आली, तर ती कोणी ठेवायची?

एक घर डोळ्यांसमोर आणू. दोन खोल्यांचे, हप्त्यांवर घेतलेले. दोघेही माळकरी. नवऱ्याची इच्छा अशी, की दर्शनी भिंतीवर विठ्ठलाची मोठी तसबीर हवी, तिच्याभोवती रंगीत दिव्यांची माळ हवी, येणाऱ्याला उंबऱ्यातूनच कळले पाहिजे की हे वारकऱ्याचे घर. बायकोला वाटते, देव आतल्या शांत कोपऱ्यात असावा, समईपुरता उजेड असावा, आणि पुढची भिंत मोकळी राहावी. घर लहान आहे, डोळ्याला जरा मोकळी जागा लागते. संध्याकाळी त्याला मोबाइलवर कीर्तन मोठ्या आवाजात लावायचे असते. तिला दिवसभराचे काम उरकल्यावर अर्धा तास मालिका बघायची असते. तो म्हणतो, "मालिकेत काय ठेवलंय? देवाचं ऐक जरा." तसबिरीच्या वेळीही तेच. "तुला भिंत मोठी का पांडुरंग मोठा?"

यावर ती काय बोलणार? गप्प बसते. त्याला वाटते, पटले.

माउली, इथे काय घडले ते नीट पाहा. एकाला भरलेली भिंत आवडते, दुसरीला मोकळी. एकाला आवाज हवा, दुसरीला विसावा. दोन आवडींचा साधा वाद होता. पण त्याने आपल्या आवडीच्या अंगावर देवाचा शेला पांघरला, आणि तिची आवड तेवढी उघडी पडून संसारी ठरली. रंगीत दिव्यांची हौस ही पडद्यांच्या हौसेइतकीच हौस आहे. फरक एवढाच, की पडद्यांवर तिला बोलता येते, दिव्यांवर येत नाही. बोलली तर ती देवाच्या विरोधात गेली असे होते. आपल्या मनासारखे व्हावे म्हणून पांडुरंगाला साक्षीला उभे करायचे, ही गोष्ट मला मालिका बघण्यापेक्षा कितीतरी जड वाटते.

अहंकार शोधायचा म्हटले की आपण मानपानात शोधतो. वीणा कोणाच्या गळ्यात, पंगतीत कोण आधी, दिंडीत पुढे कोण. तिथे तो असतोच, पण तिथे त्याच्यावर सगळ्यांचे लक्ष असते. आवडीत त्याला कोणी हटकत नाही. 'मला असेच आवडते' एवढे म्हटले की चौकशी संपते. त्यातून आवड देवाची असली, तर चौकशी सुरूही होत नाही.

हे बायकांनाही लागू आहे, उगीच एका बाजूने बोलायला नको. शेजारणीकडे संगमरवरी देव्हारा आला म्हणून हप्ते काढून आपल्याकडेही तसाच आणणारी माउली काही वेगळे करत नाही. देव त्या देव्हाऱ्यात बसतो, हप्ता मात्र नवऱ्याच्या डोक्यावर बसतो.

आता देवाच्याच घरी चला. सजावट, पोशाख आणि नवराबायको हे तिन्ही विषय पंढरीत आहेत, आणि आपण रांगेच्या गडबडीत त्यांच्याकडे पाहत नाही. चैत्रात ऊन तापले की विठ्ठलाला चंदनाची उटी लागते, ती मृग लागेपर्यंत. थंडीत शाल येते, कानपट्टी येते. एकादशीला गाभारा फुलांनी सजतो. वसंत पंचमीला विठ्ठल-रखुमाईचा विवाह लागतो, तेव्हाचा थाट तर पाहण्यासारखा असतो. म्हणजे नटणे, सजणे हे आपल्या देवाला वर्ज्य नाही. ज्यांना वाटते की वारकरी म्हणजे सगळे कोरडे असले पाहिजे, त्यांनी एकदा उटीच्या दिवसांत जाऊन यावे.

पण त्याच देवाचा पलंग आषाढी जवळ आली की शेजघरातून काढतात. दर्शन चोवीस तास खुले होते, देव झोपत नाही. वारी सरल्यावर प्रक्षाळपूजा होते आणि मग पलंग जागेवर येतो. किती साधी रीत आहे. घरातली सगळ्यात सुखाची वस्तू, आणि येणाऱ्यांसाठी ती हलते. माझ्या मते घरातल्या कोणत्याही वस्तूबद्दल विचारावा असा प्रश्न यातच आहे. ती सुंदर आहे का, महाग आहे का, हे नंतर. कोणासाठी ती हलू शकते का? सोफ्यावर डाग पडेल म्हणून खेड्यातून आलेल्या मामांना खाली सतरंजीवर बसवणारी घरे आहेत. त्या घरात सोफा राहतो, माणसे येऊनजाऊन असतात.

पंढरीतले पहिले आसन तरी कोणते होते? वीट. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, उठला नाही, हाताशी होती ती वीट त्याने मागे सरकवली आणि देव तिच्यावर उभा राहिला. ही कथा आपण नेहमी सांगतो. तिच्या आधीचा भाग मात्र भराभर उरकतो. काशीच्या वाटेवर पुंडलिक आणि त्याची बायको घोड्यावर होते आणि म्हातारे आईबाप पायी. त्या दोघांचे एकमेकांशी पटत नव्हते असे कथेत कुठेच नाही. उलट त्यांचे छान जमले होते. दोघांची आवड एक होती, आणि तिची पायपीट तिसऱ्याच्या वाट्याला आली होती. नवराबायकोचे एकमत झाले म्हणजे घर सुखी झाले असे आपण समजतो. आजीची खाट गॅलरीत सरकवून तिथे शोकेस आणणाऱ्या घरातही एकमतच असते.

आणि देव पंढरीत आला कशाला होता, तेही आठवा. रखुमाई रुसून दिंडीरवनात निघून आली, म्हणून तिला शोधत तो आला, असे आपली परंपरा सांगते. आजही तिचे मंदिर मागे वेगळे आहे. एका विटेवर, एका गाभाऱ्यात दोघे नाहीत. मला यात फार दिलासा वाटतो. ज्या घराकडे सगळा महाराष्ट्र चालत जातो, त्या घराची सुरुवात एका रुसव्यातून आहे. आणि रुसलेल्या बायकोला 'तुला काय कळतं' असे न म्हणता द्वारका सोडून तिच्या मागे येणे, हे आपण ज्याला देव म्हणतो त्याने केले.

आता थोडे कठीण बोलतो. आपल्यात एक पुरुष फार नावाजला जातो. 'मला काही नको' म्हणणारा. कपडा कोणताही चालतो, जेवण काहीही चालते, घर कसेही चालते. लोक म्हणतात, निरिच्छ माणूस. पण त्याचा पांढरा सदरा दर सोमवारी पांढरा कोण करते? त्याने सांगून ठेवलेले दहा वारकरी रात्री जेवायला आले, तर पिठाचा डबा कोण बघते? त्याची इच्छा संपलेली नसते, ती दुसऱ्याच्या हातांनी पुरी होत असते, म्हणून त्याला ती दिसत नाही. ज्याला घरातल्या कामाची किंमत ठाऊक नाही, त्याने 'काही नको' म्हणणे सोपे आहे.

तुकोबारायांच्या उसाची कथा कीर्तनात आली की मंडप हसतो. रायांनी वाटेत सगळा ऊस मुलांना वाटला, घरी एकच कांडे आले, जिजाईने रागाने ते पाठीत मारले आणि दोन तुकडे झाले. तुकोबांचे शांत राहणे थोर आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण आपण हसतो कोणाला? घरात लेकरे वाट बघत होती आणि त्यांच्या पोटाची काळजी करणारी ती एकटी होती. हीच जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढून रायांना शोधायला जायची. तिच्या पायात काटा मोडला तेव्हा तो काढायला स्वतः विठ्ठल आला, असे सांगतात. जिला आपण कर्कशा म्हणून मोकळे झालो, तिचा पाय देवाने हातात घेतला.

प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' हा चित्रपट 1936 सालचा, दामले आणि फत्तेलाल यांचा. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा सगळ्यांच्या लक्षात आहेत, 1937 मध्ये व्हेनिसला त्या चित्रपटाचा गौरव झाला हेही बरेच जण सांगतात. आपण मात्र त्यातली गौरीबाईंची जिजाई पुन्हा बघा. विठोबावर चिडणारी, घर ओढणारी. तो चित्रपट नवराबायकोने एकत्र बसून बघावा. नवरा एका ठिकाणी हसेल, बायको दुसऱ्या ठिकाणी. कोण कुठे हसते ते एकमेकांनी पाहून ठेवावे, पुढच्या वादात उपयोगी पडते.

करमणुकीबद्दल आपल्यात उगीच सोवळेपणा आहे. नाथमहाराजांनी भारुडे रचली ती कशातून? गोंधळी, वासुदेव, जोशी, विंचू उतरवणारा. गावातले लोक ज्या खेळात रमत होते, तो खेळच त्यांनी उचलला. 'हे बघू नका' असे म्हणत बसले नाहीत. तिच्या मालिकेत सासूसुनांची कारस्थाने असतील, मान्य. पण शेजारी बसून एक भाग बघितला आणि 'ही अशी का वागते गं?' एवढे विचारले, तर कळेल की ती त्या बाईमध्ये काय शोधते. कदाचित तिची स्वतःची एखादी जुनी गोष्ट निघेल, वीस वर्षांत न बोललेली. मग त्या अर्ध्या तासाला वेळेचा नाश म्हणवत नाही.

तसे तिनेही एखाद्या संध्याकाळी त्याच्या कीर्तनाला बसावे. आवाज मात्र त्याने आधी कमी करावा.

वारीतल्या दिवसांत या दोघांचे काय होते, ते मी नेहमी बघतो. आळंदी ते पंढरपूर ही वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या दिवसांत जोडप्याचे सगळे घर म्हणजे एक वळकटी, दोन ताटे, एक पिशवी आणि दिंडीच्या ट्रकवरची जागा. राहुटीचा रंग कोणी विचारत नाही. पण सौंदर्य तिथे कमी नसते. गावोगावी पालखीच्या वाटेवर रांगोळ्या असतात, घटकाभरात हजारो पायांखाली पुसल्या जाणार हे माहीत असून काढलेल्या. आणि विसाव्याला पन्नाशी-साठीची जोडपी फुगडी घालतात. घरी ज्याच्याशी भिंतीच्या रंगावरून आठ दिवस अबोला असतो, त्याचे हात धरून ती माउली गरगर फिरते, टोपी एकीकडे, पदर एकीकडे, आणि दोघांना हसू आवरत नाही.

घरी परतल्यावर ट्रकमधून वळकटी उतरते. पहिले दोनचार दिवस घर जरा परके वाटते, वस्तू जास्त वाटतात, सोफा उगाच मोठा दिसतो. ठरवायचे असेल ते याच दिवसांत ठरवून घ्या, पुन्हा सवय लागण्याच्या आत. तसबिरीचा विषय निघालाच, तर आधी तिला बोलू द्या. कदाचित ती म्हणेल, लावा पुढच्या भिंतीवर, पण ते रंगीत दिवे तेवढे नकोत.